शारजाचं ओळखीचं घर

उर्मिलाबाईंनी दुबई आजवर पाहिली होती ती फक्त विमानतळाच्या काचेतून. नागपूरहून डब्लिनला यायचं म्हणजे मधे दुबईला विमान बदलायचं, आणि बदलायचं म्हणजे मुलाने, सुश्रुतने, आधीच सांगून ठेवलेल्या व्हीलचेअरवर बसून या दारातून त्या दारात जायचं. बाईंचे पाय चांगले ठणठणीत होते हो. पण आई एकटी येणार म्हटलं की परदेशातली मुलं व्हीलचेअर सांगतातच. आई हरवत नाही आणि रांगही चुकते. काचेपलीकडे ते उंच मनोरे उन्हात चमकत असायचे आणि बाई मांडीवर पर्स धरून ढकलल्या जायच्या. याचा त्यांना मनापासून राग होता.

आणि बाईंचे प्रवास तरी कसले? पुण्याला गेल्या त्या लेकीच्या बाळंतपणाला. हैदराबादला गेल्या त्या नणंदेच्या ऑपरेशनला. डब्लिनमधल्या सँट्रीला, सुश्रुतकडे, पहिल्यांदा आल्या त्या नातवाच्या, ध्रुवच्या वेळी. आणि आता आल्या होत्या त्या सून सानिका नव्या नोकरीवर रुजू झाली, ध्रुवला शाळेनंतर पाळणाघरात जागा मिळेना, म्हणून. जातील तिथे बॅग उघडायच्या आधी ओटा. डाळ कुठल्या प्रेसमध्ये असते (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, ध्रुवने शिकवलं), कचऱ्याचा कुठला डबा कधी बाहेर ठेवायचा, सगळं आठवडाभरात तोंडपाठ. मुलाच्या घरी राबण्याचं त्यांना दुःख नव्हतं. पण विम्याच्या ऑफिसात उभी हयात नोकरी केलेल्या बाईने आयुष्यात एकदा तरी कुठे नुसतं पाहायला जाऊ नये का, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

म्हणून परतीची तारीख ठरली तशा त्या कामाला लागल्या. विमान कंपनीच्या साइटवरून दुबईचा व्हिसा स्वतः काढला. खाडीजवळचं एक हॉटेल दोन रात्रींसाठी ठरवलं. ईमेल मात्र सुश्रुतचा दिला, कारण या घरात सगळ्याच गोष्टींना सुश्रुतचा ईमेल लागायचा. मग संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं.

सुश्रुत डब्लिनजवळच्या लिक्सलिप गावी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनीअर, शांत डोक्याचा मुलगा. पण त्याचा घास हातातच राहिला. दुबईत आहे काय, मॉल आणि वाळू, असं म्हणाला. ऊन सोसणार नाही, बीपीच्या गोळ्या आहेत, तू एकटी, एक ना दोन. बाई वरणावर तूप वाढत सगळं ऐकून घेत होत्या. ध्रुवने आजीची बाजू घेतली, "शी'ल बी ग्रँड, डॅड," म्हणाला (इथे सगळं ठीक असलं की ग्रँड म्हणतात) आणि पापड मागितला. तो विषय तिथेच संपला असं बाईंना वाटलं, आणि तिथेच त्या फसल्या.

दोन दिवसांनी सुश्रुत ऑफिसातून हसत हसत आला. सगळी सोय झाली म्हणे. त्याचा कॉलेजातला मित्र गंधार शारजाला असतो, दुबईला लागूनच. आईने त्याच्याकडे उतरायचं, हॉटेलचं बुकिंग त्याने रद्द करून टाकलं होतं. ओळखीचं घर असताना आईला हॉटेलात ठेवलं तर गंधारला काय वाटेल? शिवाय त्याच्या बायकोला, मुक्ताला, सातवा लागलाय. तिची आई पुढच्या महिन्यात येणार, तोवर पोरीला कोणी नाही. तुझा तेवढाच आधार होईल, आणि वाटलंच तर तिकीट पंधरा दिवस पुढे ढकलू, असंही तो म्हणाला. सानिकाने तर इंडियन दुकानातून डिंक आणि अळीव आणूनसुद्धा ठेवले होते.

म्हणजे दुबईतही बाळंतपणच. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला चमचा त्यांनी ओट्यावर ठेवला.

"सुश्रुत, तिथे माझ्या ओळखीचं कोणी नाही म्हणून तर मी तिथे जाऊन राहिली," त्या रागाने अस्सल नागपुरीवर येत म्हणाल्या. "काहून बुकिंग रद्द केलंस?"

सुश्रुतला खरंच कळेना. आपण आईचं भलंच केलं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती, आणि हीच तर मोठी पंचाईत होती. असं काय करतेस आई, सातवा महिना आहे तिला, एवढंच तो म्हणाला. ते वाक्य मात्र बाईंना लागलं. पोटुशी पोर परक्या देशात एकटी, आणि आपण मनोरे बघत हिंडायचं? आपण स्वार्थी आहोत की काय, हा किडा डोक्यात शिरला तो निघेना. दुसऱ्या दिवशी घरी कोणी नसताना त्यांनी डिंक तळायला कढईत तूपसुद्धा तापत ठेवलं. मग गॅस बंद केला. आज लाडू केले तर उद्या शारजा, आणि परवा तिकीट पुढे. त्यांनी फोन घेतला, तेच हॉटेल पुन्हा ठरवलं, आणि यावेळी ईमेल स्वतःचा दिला.

हे त्यांनी सुश्रुतला स्पष्ट सांगितलं. तो रुसला. निघायच्या दिवसापर्यंत मायलेकांत कामापुरतंच बोलणं झालं.

डब्लिनच्या विमानतळावर व्हीलचेअर घेऊन एक माणूस हजर होताच. बाईंनी त्याला नमस्कार केला, "आय वॉक," म्हणाल्या आणि आपली बॅग ओढत चालू लागल्या. तो बिचारा "यू'र ग्रँड, यू'र ग्रँड," करत बाजूला झाला. सुश्रुत लाल झाला. सानिका मात्र गालात हसली, हे बाईंनी वळून बघताना नेमकं टिपलं.

सकाळी विमान दुबईला उतरलं. यावेळी बाई काचेच्या या बाजूला थांबल्या नाहीत. शिक्का मारून घेतला, बॅग घेतली आणि बाहेर आल्या, तर समोर त्यांच्या नावाची पाटी. पाटी धरून गंधार, आणि त्याच्यामागे बाकावर मुक्ता. सुश्रुतने काही मित्राला नाही म्हणून कळवलं नव्हतं. शेवटी आई ओळखीच्या घरीच जाणार, अशी त्याची खात्री.

क्षणभर बाईंच्या मनात आलं की दुसऱ्या दाराने सटकावं. पण चोरासारखं जायला त्यांनी काय कोणाचं घोडं मारलं होतं? त्या सरळ पाटीपाशी गेल्या. गंधारने वाकून नमस्कार केला, बॅगेला हात घातला. मुक्ता उठायला लागली. तिचे पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं, आणि चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी आणलेलं हसू. बाईंचा जीव कळवळला. जावं का हिच्याबरोबर? दोन दिवस पाय चेपावे, पेज करून घालावी. येत होतं ना त्यांना सगळं.

त्यांनी बॅगेचा दांडा सोडला नाही.

"गंधार, तू आलास, बरं वाटलं. पण मी तुझ्याकडे येणार नाही. माझं हॉटेल ठरलंय," त्या म्हणाल्या. मग मुक्ताकडे वळून हळूच म्हणाल्या, "राग नको मानू, बाई. आजवर मी जिथे गेली तिथे कामालाच गेली. हे एक गाव मला पाहुणी म्हणून पाहायचं आहे."

गंधार गोंधळला. पण मुक्ता मटकन परत बाकावर बसली, आणि बाईंना वाटलं पोर आता रडते. तर ती हसत होती.

"काकू, खरं सांगू? दोन दिवस मी घर आवरत होते," ती म्हणाली. "पहाटे उठून पुरणाच्या पोळ्या केल्या. सुश्रुत म्हणाला, आईला हॉटेल आवडत नाही, मग नाही कसं म्हणणार?"

बाईंनी गंधारकडे पाहिलं. गंधार पाटीकडे पाहायला लागला. म्हणजे दोन मित्रांनी फोनवर मोठ्या मनाने सगळं ठरवलं होतं, आणि दोन्ही घरच्या बायकांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. सातव्या महिन्यातली पोर पुरण वाटत बसली होती, ती तिला आधार द्यायला येणाऱ्या पाहुणीसाठी. बाईंच्या मनातला तो स्वार्थाचा किडा तिथल्या तिथे मेला. त्यांनी मुक्ताला घरी जाऊन आधी झोपायला सांगितलं, आणि पोळ्या गंधारने गरम करून तिला वाढायच्या, असंही त्यालाच बजावलं.

"पण काकू, सुश्रुतला काय सांगू?" गंधारने विचारलं.

"सांग, आई दुबई पाहायला गेली."

आणि पाहिली त्यांनी. ड्रायव्हर नसलेल्या मेट्रोत अगदी पुढच्या काचेला नाक लावून बसल्या, एका शाळकरी मुलीला हटवून. लाकडी होडीतून खाडी ओलांडली, परत आल्या, आणि उगाच पुन्हा ओलांडली. त्या प्रसिद्ध मनोऱ्याच्या टोकावर गेल्या. वरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नुसतं वाळवंट बघून त्यांना वाटलं, पाणी ना झाड, कोणी तरी हट्टालाच पेटलं असणार इथे. हे त्यांना भलतंच आवडलं. हॉटेलात कोणीतरी त्यांची गादी घालत होतं, कोणीतरी विचारत होतं चहा हवा का. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने कप विसळून ठेवला. दुसऱ्या दिवशी तसाच टेबलावर सोडला आणि बाहेर पडल्या.

दुपारी त्या समुद्रावर चपला काढून बसल्या असताना सुश्रुतचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर स्वयंपाकघर दिसत होतं, मागे सानिका भाजी चिरत होती. गंधारला फार वाईट वाटलं, असं सुश्रुत म्हणाला. आवाजात अजून रुसवा होता. बाईंनी त्याला आधी समुद्र दाखवला, मग वाळूतले आपले पाय.

"आता ऐक," त्या म्हणाल्या. "दोनदा तुझ्याकडे येऊन गेली, पण सँट्रीची बाग आणि ध्रुवची शाळा याच्यापलीकडे आयर्लंड काही पाहिलं नाही मी. पुढच्या वर्षी येईन ती पाहायला येईन. समुद्राकडच्या एका गावात हॉटेल पाहून ठेवलंय. तुझ्या घरी उतरणार नाही."

लोक काय म्हणतील, असं काहीसं सुश्रुत पुटपुटला. मागे सानिकाची सुरी थांबली होती.

"एक दिवस जेवायला येईन तुमच्याकडे, बोलावलंत तर," बाई म्हणाल्या. "स्वयंपाक मात्र तू करायचा. सानिकाने नाही."