तीनशे दोनमधला फ्रॉक

नगर रस्त्यानं सणसवाडीची कंपन्यांची गर्दी मागं टाकली की डाव्या हाताला एक कमान लागते. तिच्यावर सोनेरी अक्षरात लिहिलंय, 'सोनसळी सिटी'. कमान अशी दणकट की खालून हत्ती जावेत. प्रत्यक्षात जातात ती शेजारच्या वस्तीवरची शेरडं. या सिटीला इतिहास आहे तो एवढाच, की आधी इथं कांदा होता, मग पाटी आली आणि मग तीन इमारती उभ्या राहिल्या. पाटीवर जे जे लिहिलं होतं ते सगळं बांधणाऱ्यानं दिलं, उगाच त्याच्यावर आळ घेऊ नये. पोहण्याचा तलाव आहे, त्यात पाणी नाही. जिम आहे, तिला कुलूप आहे. ज्येष्ठ नागरिक कट्टाही आहे आणि त्यावर रोज सकाळी एक ज्येष्ठ नागरिक येऊन बसते. ती म्हणजे विठाबाई. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

फ्लॅट विकले गेले नव्हते असं नाही. बरेच गेले होते. पण ज्यांनी घेतले त्यांना राहायचं नव्हतं. कुणी पुण्याचा, कुणी परदेशातला. पैसे गुंतवले, चाव्या बांधणाऱ्याच्या ऑफिसात ठेवल्या आणि विसरून गेले. बी विंगमध्ये खराखुरा संसार होता तो एकच, तिसऱ्या मजल्यावर तीनशे तीनमध्ये, आणि तोही अर्धामुर्धा. विठाबाईच्या मुलानं, नागसेननं, हा फ्लॅट कर्ज काढून घेतला. ताबा मिळाला आणि वर्षाच्या आत कंपनीनं त्याला गुजरातला धाडलं. त्याच्यामागं सून भाग्यश्री आणि नात पिंकी गेल्या. "आई, घर बंद ठेवलं तर खराब हुईल. तू राहा, आमी येतोच," असं तो म्हणाला होता. पिंकी तेव्हा पहिलीत होती, आता ती पाचवीला गेली आहे.

विठाबाईचा सारा जन्म दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेला. नवरा शंकरराव गँगमन होता. क्वार्टरची भिंत अशी की पलीकडं कुणी खोकलं तर अलीकडून आल्याचा तुकडा जायचा. नळ सगळ्या लाइनीला एक, त्यावर रोज भांडणं, आणि भांडलेल्या बायकांची धुणी दुपारी एकाच दोरीवर. शंकरराव गेले तेव्हा तिला कुणाला हाक मारावी लागली नाही. तिचं रडणं ऐकूनच अख्खी लाइन उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आणि इथं ती तापानं फणफणली तेव्हा बरी होऊन खाली उतरल्यावर वॉचमन म्हणाला, "आजी, दिसल्या न्हाई हो मधी." तिला त्या दिवशी त्या तापापेक्षा त्या वाक्याची जास्त भीती वाटली होती.

म्हणून ऑफिसातली मोनिका चाव्यांचा जुडगा घेऊन आली तेव्हा विठाबाईनं फारसे आढेवेढे घेतले नाहीत. "आजी, गिऱ्हाईक येतं आन् अंधार बघून परत जातं," मोनिका म्हणाली. "तुमी फकस्त एवढं करा. दिवसा बाल्कन्यांत कपडे घालायचे आन् तिन्हीसांजंला दिवे लावायचे. वस्ती दिसली की वस्ती येती बघा."

तिन्हीसांजेला घरात अंधार असू नये हे विठाबाईलाही पटत होतंच. आधी आपल्या घरात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची आणि मग जुडगा घेऊन निघायचं, असा तिचा नेम झाला. कपड्यांचं मात्र अवघड होतं, कारण कपडे तिच्या एकटीचेच. तिनं ट्रंक उपसली. एका बाल्कनीत हिरवं लुगडं, दुसऱ्या बाल्कनीत जांभळं. शंकररावांचे दोन शर्ट पहिल्या मजल्यावर, नागसेनची जुनी पँट दुसऱ्या. पहिल्या दिवशी तिनं कोरडेच कपडे वाळत घातले. पण ते काही तिच्या मनाला पटेना. खोटेपणालाही काही रीत असावी की. मग ती रोज सगळे कपडे पाण्यातून काढून, पिळून, ओलेच घालू लागली.

तीनशे दोन तिच्या दाराला लागून. तिथल्या दोरीवर तिनं पिंकीचा पिवळा फ्रॉक घातला. पिंकी सहा वर्षांची असतानाचा, कॉलरला लेस असलेला. वारं आलं की फ्रॉक हलायचा आणि खाली कट्ट्यावर बसलेल्या विठाबाईला क्षणभर बरं वाटायचं.

हळूहळू तिनं त्या घरांत माणसं वसवली. हिरव्या लुगड्यावाली जरा तिरसट होती. शर्टवाले दोघं भाऊ रात्रपाळीला जायचे. तीनशे दोनमध्ये तर लेकरू होतं. माणसाचं मन रिकामं राहात नाही, घरं राहतील एक वेळ. दिवा लावायला गेल्यावर ती कधी थेट कुलूप काढत नसे. आधी कडी वाजवायची, "हाय का कोणी?" असं विचारायची, अंमळ थांबायची आणि मगच चावी लावायची. कॉलनीत तशीच पद्धत होती. कधीकधी थांबताना तिला आत चपला वाजल्याचा भास व्हायचा, आणि तेवढ्यासाठी ती आणखी थोडी थांबायची.

एका रविवारी संध्याकाळी मोनिका एक कुटुंब घेऊन आली. नवरा सैफ, सणसवाडीतल्या एका कंपनीत कामाला, कमी बोलणारा. बायको आसमीन, न्हावरे गावची लेक. आणि तिच्या ओढणीत तोंड खुपसून उभी असलेली त्यांची पाच वर्षांची शिरीन. त्यांना तीनशे चार दाखवायचा होता, विठाबाईच्या दुसऱ्या अंगाचा. मोनिकानं गॅसची पाइपलाइन दाखवली, सैफनं नळ सोडून पाहिला. आसमीनचं लक्ष मात्र भिंतींकडं नव्हतंच. ती बाहेर बाल्कनीत येऊन विठाबाईपाशी टेकली.

"आजी, शेजार कसा हाय हितला?" तिनं हळूच विचारलं. "म्हंजी, आमच्याशी बोलतील ना लोकं?"

तो 'आमच्याशी' विठाबाईला नीट कळला. नागसेन लग्नाआधी खोली शोधत हिंडत होता तेव्हा आडनाव सांगितल्याबरोबर अचानक 'भरलेल्या' निघालेल्या खोल्या तिनं पाहिल्या होत्या.

"बोलतील की," ती म्हणाली. "लई चांगली माणसं हायेत." आणि तिला ते खरंच वाटत होतं. तिनं वसवलेल्यांत त्या तिरसट बाईसकट कुणीही वाईट नव्हतं.

"आमची रूम हाय ना, तिथं सगळी शिफ्टवाली," आसमीन सांगू लागली. "दार लावून झोपत्यात, दार लावून जात्यात. आमच्या न्हावऱ्याच्या घरात पाय ठिवायला जागा नसायची, आन् हितं ह्ये कामाला गेले की मी आन् ही पोरगी. बोलायचीच इसरली वो ती. माहेरचं सोन्याचं डाग मोडून घर घ्यायचं ते त्येच्यासाठीच. चार माणसांत राहायचं."

तेवढ्यात शिरीननं ओढणीतून तोंड बाहेर काढलं आणि बोट केलं. तीनशे दोनच्या बाल्कनीत पिवळा फ्रॉक हलत होता.

"तो कुणाचाय?"

आसमीन चमकून लेकीकडं पाहू लागली. पोर आपणहून बोलली होती. मोनिका दारातूनच म्हणाली, "आहे ना तिथं एक मुलगी. हो ना आजी?"

विठाबाईच्या समोर दोन चेहरे होते आणि दोन्ही भुकेले होते. तिचा स्वतःचा तिसरा.

"पिंकी," ती म्हणाली. "सा वर्साची हाय. मामाच्या गावाला गेलीय आत्ता. येईल."

त्या आठवड्यात विठाबाई नुसती उडत होती. तीनशे चारची फरशी तिनं न सांगता दोनदा पुसली. मुलाला फोन करून सांगितलं, "शेजार येतोय मला." शिरीनला बेसनाचा लाडू आवडेल का शेंगदाण्याचा, यावर तिचा बराच वेळ गेला. मध्येच आपण बोललेलं खोटं आठवायचं, पण ती मनाची समजूत घालायची. एकदा राहायला आल्यावर काय, पिंकी कायमची गावाला गेली असं सांगता येईल. पोरं विसरतात. आणि मी आहेच की. माणूस एकदा स्वतःला समजवायला लागला की त्याच्याइतका गोडबोल्या वकील नाही.

पुढच्या रविवारी ते बुकिंग पक्कं करायला आले. सैफ मोनिकाबरोबर ऑफिसात थांबला. आसमीन लेकीला घेऊन वर आली. शिरीनच्या केसात एक लाल चाप होता आणि तसाच दुसरा तिच्या मुठीत.

"पिंकीला," ती म्हणाली. "आली ना ती?"

विठाबाईला 'न्हाई' म्हणायचं होतं. पण फ्रॉक तर दोरीवर ओला होता. तिनंच सकाळी पिळून घातला होता. ओला फ्रॉक असताना पोरगी गावाला कशी असेल, हे त्या चिमुरडीनं खालूनच ठिबकणारं पाणी बघून बरोबर हेरलं होतं. ती धावत तीनशे दोनपाशी गेली, टाचा उंचावून तिनं कडी वाजवली आणि दाराला कान लावून उभी राहिली. थांबली. परत वाजवली. परत थांबली.

मग ती वळली. तिचं तोंड उजळलं होतं.

"आजी, येतीय ती. चपला वाजल्या."

 तीच जागा, तेच दार, तसंच कान देऊन थांबणं. विठाबाई स्वतः रोज उभी राहायची तशीच ही पाच वर्षांची पोर उभी होती. आपल्याला सोबत हवी म्हणून आपण हिला काय देतोय ते तिला लख्ख दिसलं. तिनं कमरेचा जुडगा काढला.

"बाजूला हो बाळा," ती म्हणाली आणि कुलूप उघडलं.

आत काहीच नव्हतं. फरशीवर धूळ, वर एक बल्ब, आणि बाल्कनीत दोरीवर फ्रॉक.

"आसमीन, हितं कुणी ऱ्हात न्हाई," विठाबाई म्हणाली. "हितं न्हाई, खाली न्हाई, वर न्हाई. ती समदी लुगडी माजीच हायेत. दिवं मी लावती. पिंकी माजी नात हाय, ती गुजरातला असती, मोठी झाली ती आता. मी खोटं बोलले. मला शेजार पायजे हुता."

शिरीन एकेका खोलीत जाऊन पाहून आली. मोरीतसुद्धा. आसमीन दारातच उभी होती. ती रागावेल, चार शब्द सुनावेल असं विठाबाईला वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं.

"मी हाय की पण," विठाबाई पुढं म्हणाली. तिचा आवाज तिलाच लाजिरवाणा वाटला. "मी एकटी हाय, पण हाय. पोरीला सांभाळीन. कवाबी हाक मारा."

आसमीननं तिचा हात हातात घेतला. "आजी, तुमी खरं सांगितलं, तुमचं उपकार हायेत," ती म्हणाली. "पण तुमाला बघूनच भ्या वाटतं वो मला. उद्या हिला शाळेला धाडली, ह्ये कामाला गेले, की मीबी अशीच दोरीवर कापडं घालीत बसंन."

 त्या दोघी जिना उतरल्या. विठाबाईनं वरून पाहिलं. आसमीननं ऑफिसच्या दारात सैफला काहीतरी सांगितलं, त्यानं मोटारसायकलला किक मारली, पोरीला पुढं बसवलं आणि कमानीखालून ती तिघं निघून गेली.

मोनिका संध्याकाळी वर आली. ती वाईट पोरगी नव्हती, पण तिलाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. "आजी, हातचं गिऱ्हाईक घालवलंत," एवढंच म्हणाली आणि जुडगा मागितला. विठाबाईनं आधी सगळ्या बाल्कन्यांतून कपडे काढून आणले, मग जुडगा दिला. तीनशे दोनचा फ्रॉक काढताना तिला दिसलं, की त्याच्या कॉलरच्या लेसला लाल चाप लावलेला होता. खोल्या बघत फिरताना पोरीनं केव्हा लावला कोण जाणे. कुणी राहात नाही म्हणून सांगितल्यावरही तिनं आणलेली वस्तू परत नेली नव्हती.

सगळ्या बाल्कन्यांतले कपडे आता विठाबाईला आपल्या एकाच दोरीवर घालायचे होते. लुगड्यांवर लुगडी चढली, शर्ट दाराच्या कडीला लटकवले, फ्रॉक खुर्चीच्या पाठीवर पसरला. सहा घरांचा संसार एका बाल्कनीत मावेना, आणि तरी घर भरलं नाही. तिन्हीसांज झाली. तिनं मेणबत्ती लावली आणि सवयीनं बाहेर आली. जिना खालपासून वरपर्यंत अंधारात होता. लावायला दिवा नव्हता, उघडायला दार नव्हतं. ती तीनशे दोनपुढं उभी राहिली, पण कडीला हात लावला नाही. त्या घरातली माणसं तिनं आज स्वतःच उठवली होती.

ती मागं वळली. वाऱ्यानं तिचं स्वतःचं दार लोटलं गेलं होतं. तिचा हात सवयीनं वर गेला आणि तिनं कडी वाजवली.

"हाय का कोणी?"

रोजच्यासारखी ती अंमळ थांबली. आत मेणबत्ती जळत होती, दाराच्या फटीतून तेवढा उजेड येत होता.

"हाय बाई, हाय," विठाबाई म्हणाली. "मीच हाय." आणि दार ढकलून आत गेली.