सात भोकांची रोटी

हेंड्रिकाबाई मनोविश्लेषक. ऐन तारुण्यात हॉलंडमध्ये त्यांनी दवाखाना थाटला, तेव्हा बाईमाणसासमोर कोचावर पडून मन उघडं करायला पुरुष तयार नसत म्हणे. नवऱ्याच्या नोकरीपायी दुबईत आल्या, विधवा झाल्या, आणि इथेही कोच मांडून बसल्या. आता सत्तरीत त्या स्वतःच्या कारकिर्दीचं पुस्तक लिहीत होत्या. मी सकाळी त्यांचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचे. पेशंट संध्याकाळी यायचे, त्यामुळे मला चेहरे माहीत नसत, आणि पुस्तकात नावगाव बदललेलं असे.

डिस्कव्हरी गार्डन्सच्या आमच्या घरात मी बाईंचे गोडवे गायचे. "त्यांच्यापाशी काहीही बोला, बाहेर जात नाही." माझा नवरा वासुदेव नुसती मान हलवायचा.

२००९ च्या मार्चमध्ये शेवटचं प्रकरण आलं. एक इजिप्शियन इंजिनिअर. मंदीत नोकरी जाऊन चार महिने झालेले, तरी रोज टाय बांधून, डबा घेऊन निघतो आणि इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या कारखान्यांमागे गाडीत बसून राहतो. बायको हसेल म्हणून तिला सांगत नाही.

"ही बायको कशी वाटते तुला?" बाईंनी विचारलं.

"मठ्ठ!" मी म्हणाले. "मॅडम, चार महिने कळत नाही म्हणजे काय?"

दुसऱ्या दिवशी कानात बाईंचा आवाज आला: 'दुपारी तो बायकोने दिलेली जाड रोटी खातो. तिला बोटाने पाडलेली सात भोकं असतात. ती तो रोज मोजतो.'

बाईंनी माणसाचा देश बदलला, धंदा बदलला. थालीपीठ बदलायचं त्यांना सुचलंच नाही. आणि लोक पाच भोकं पाडतात. सात पाडते म्हणून सासूबाई जन्मभर मला टोमणे मारत आल्या. खोटं नाव सांगून वासुदेव माझ्याच बाईंपाशी गेला होता.

संताप झाला. परक्या बाईला सांगता येतं, मला नाही?

संध्याकाळी मी विचारलं, "ऑफिसात काय विशेष?"

"काही नाही गं, मीटिंग पे मीटिंग. खलास झालो."

सकाळी मी एकही भोक न पाडता थालीपीठ डब्यात घातलं. बोलू दे आता त्यालाच.

आठवड्याने पुढचं रेकॉर्डिंग आलं. 'रोटीला भोकं नव्हती. बायकोला कळलंय, अशी त्याची खात्री आहे. ती काहीतरी बोलेल म्हणून तो घरी वाट बघत बसला. तिने फक्त रिकामा डबा मागितला.'

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "आता काय वाटतं तिच्याबद्दल?"

"तेच, मॅडम," मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य टाइप करायला घेतलं.