कॅप्टनच्या तिजोरीतलं रिव्हॉल्व्हर

मनोहर जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. इंजिनाचं कुठलंही दुखणं तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. पण मागच्या फेरीत, सिंगापूरचे दिवे दिसायला लागले असतानाच चाचे दोर टाकून चढले, एकाने त्याच्या मानेवर कोयता टेकवला, आणि मनोहरच्या हातात होता पाना. चाच्यांनी घड्याळ नेलं, अंगठी नेली. पान्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सिंगापुरातल्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये त्याच्या बायकोने, संजीवनीने, निर्वाणीचं सांगितलं : रिव्हॉल्व्हर घ्या, नाहीतर नोकरी सोडा. नोकरी सोडली की इथे राहायचा पास जाणार, पास गेला की फ्लॅट. आणि सिंगापुरात बेकायदा रिव्हॉल्व्हर बाळगलं तर फटके, झाडलं तर फाशी. म्हणजे चाच्यांपेक्षा काम चोख.

मग ठरलं, की शुक्रवारी जहाज अमेरिकेला निघतंय, तर रीतसर कागद करून तिकडेच घ्यावं. मित्र सुबोधने तिकडचा कॅटलॉग दिला. दोघांनी तीन संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये नूडल्स गार करत निवड केली. पाच गोळ्यांचं, दोन इंची नळीचं, घोडा आत झाकलेला, म्हणजे बॉयलर सूटच्या खिशात अडकणार नाही. गोळी पोकळ टोकाची, कारण भरीव गोळी इंजिन रूमच्या लोखंडावर आपटून परत आपल्याकडेच यायची. सुबोध म्हणाला, इतक्या विचाराने मनोहरने बायकोही निवडली नव्हती.

परवानगीसाठी मनोहरने कॅप्टन देवस्थळींना फोन केला. त्यांची हरकत नव्हती.

"फक्त आणलंस की माझ्या तिजोरीत ठेवायचं. नियम आहे. चाचे आले की किल्ली घेऊन जा."

"सर, मागच्या वेळी चाचे आधी कुठे गेले होते?"

"माझ्याकडेच की," कॅप्टन शांतपणे म्हणाले. "किल्ली मागायला."

मनोहरने फोन ठेवला आणि कॅटलॉग पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला. या वेळी नळीच्या दुसऱ्या बाजूने.

"कोणतं ठरलं?" संजीवनीने विचारलं.

"सगळ्यात जड. नेम न लागणारं. गोळी बारीक, टोचून सरळ बाहेर पडणारी."

तिजोरीचा नियम ऐकल्यावर तिने गॅस बंद केला. मग त्याच्या शेजारी येऊन बसली.

"यात कोयते नाहीत का हो? निदान बोथट?"

दोघांनी शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. नव्हते.