रुसव्याचा चाकू

चाकणच्या बैलबाजारात गेनबा दलालानं पाठीवरून हात फिरवल्याशिवाय खोंड दावणीवरून हलत नसे. म्हणजे तसं गेनबाच सांगायचा. पण पंचक्रोशीतले लोकही ते फारसं खोडून काढत नसत. जबडा उघडून दात बघावेत, अंगावरचे भोवरे बघावेत, शेपूट वर करून काय बघायचं ते बघावं. मग बैल चालवावा, बसवावा, उठवावा. आणि एवढं करून वर ‘खोड निघाली तर पुढच्या बाजाराला परत’ अशी बोली करून घ्यावी, ही त्याची रीत. बशा बैल, म्हणजे ऐन नांगरात फतकल मारून बसणारा बैल, तर तो लांबूनच ओळखायचा. असा बैल पदरात पडलेले लोक त्याच्याकडं रडत यायचे आणि तो सांगायचा, “चुचकारू नगा, मारू बी नगा. सगळ्यांनी बाजूला व्हा. बघाया कुणी न्हाई म्हटल्यावर उठतंय आपसूक.”

ही रीत बैलापुरती राहिली असती तर तक्रार नव्हती. पण गडी वांगं घेतानासुद्धा त्याच्या पाठीवर थाप मारायचा! त्याच्या बायकोनं, गवराबाईनं, एकदा नवी चूल घातली, तर हा चुलीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणतो, “तोंड जरा वाकडं दिसतंय.” बाईनं कपाळावर हात मारून घेतला.

अशा माणसावर त्या साली चाकू घ्यायची पाळी आली. तोही जावयासाठी.

सगुणा ही गेनबाची एकुलती लेक. वैशाखात तिचं लग्न झालं होतं. जावई ज्योतीराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला आणि राहायला दापोडीत, रेल्वेच्या कडेच्या चाळीत. बघायला आला तेव्हा प्यांट घालून आला होता आणि खिशाला कारखान्याचा बिल्ला होता. चाकणच्या त्या अंगाला तेव्हा प्यांटवाला जावई कुणाच्याच घरी नव्हता. गेनबानं पुढचं काही विचारलं नाही. सुपारी फोडून टाकली.

आता पहिला दिवाळसण. दिवाळसणाला जावयानं पाटावर बसून रुसायचं, सासऱ्यानं विनवायचं आणि अंगठी म्हणा, घड्याळ म्हणा, काहीतरी पुढं करायचं, ही आपल्याकडची जुनी गंमत. चांगले जावई घासभर रुसतात आणि हसून जेवायला लागतात. ज्योतीरामनं त्यात गंमत म्हणून ठेवलीच नाही. नवरात्राच्या तोंडाला सगुणाला चाकणच्या मोटारीत बसवून देतानाच त्यानं बजावलं होतं: चाकणच्या बाजारात हुंदराजच्या पालावर घडीचा चाकू आहे. सहा पात्यांचा, पिवळ्या शिंगाच्या मुठीचा. आमच्या फोरमनकडं तसाच आहे. तो मिळणार असेल तर पाडव्याला येतो, जेवतो आणि तुला घेऊन जातो. नाहीतर तू आहेस तिथंच बरी आहेस.

ऐकून गवराबाईनं हातातली परात खाली ठेवली. दिवाळसणाला आलेली लेक माहेरीच राहिली, तर गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? सगुणानं मात्र एवढा निरोप सांगितला आणि ती चुलीपुढं भाकरी थापायला बसली. अलीकडं ती बोलायचीच कमी. सासरी गेल्या की पोरी शहाण्या होतात, असं गेनबाला वाटलं आणि बरंही वाटलं.

“मग घिऊन टाकू की!” तो म्हणाला. “चाकूच तर हाय. पण बघून घिऊ.”

तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

हुंदराज हा फाळणीत घरदार सोडून आलेला सिंधी माणूस. पिंपरीच्या कॅम्पात राहायचा आणि दर शनिवारी चाकणला पाल ठोकून कंगवे, कुलपं, बॅटऱ्या विकायचा. मराठी तो बाजारातच शिकला होता. गेनबानं त्याच्याकडून चाकू घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि नखानं एकेक पातं उघडून मोजलं.

“सहादाती हाय म्हण की.”

“सहा पाती, बाबा. एकदम नवा माल.”

“नवा? दातावरनं तर वय झाल्यालं दिसतंय.” गेनबानं मूठ उलटी केली. “आन् ह्यो काळा भोवरा? ऐन मानंवर? धन्याला लाभायचा न्हाई.”

“अरे बाबा, शिंग आहे ते! शिंगाला डाग असतो!”

“डाग म्हन, भोवरा म्हन. हाय तर खरा ना?”

इथवर हुंदराजनं सोसलं. पण मग गेनबानं खांद्यावरचं उपरणं हुंदराजच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं घट्ट धरली. हुंदराज जो ओरडला, तो कांद्याच्या वखारीपर्यंत ऐकू गेला असेल. “हात सोड! घड्याळ आहे माझं हातात!” माणसं गोळा झाली. गेनबाचा जोडीदार दादू पुढं होऊन समजावू लागला, “शेठ, चोर न्हाई तो. बैलबाजारात भाव तोंडानं करत न्हाईत, बोटांनी करत्यात. धडप्याखाली.”

“मग बैलाकडं जा!” हुंदराज हात चोळत म्हणाला. “माझा भाव पाटीवर लिहिला आहे. वाच आणि घे.”

पाटीवरचा भाव गेनबाला जड नव्हता. त्याला जाचत होतं ते एवढंच, की तो भाव सगळ्यांना दिसत होता. चारचौघांसारखं पाटी वाचून घ्यायचं तर मग गेनबानं घेतला आणि एखाद्या आंधळ्यानं घेतला, फरक काय राहिला?

तो तसाच घरी आला. तर घरात गवराबाई कंबर कसून उभी.

“शनवारी लोखंड घरात आणाल तर बघा.”

“अगं, पण बाजारच शनवारी भरतो.”

“मला न्हाई ठावं. आन् जावयाला धारंची वस्तू देत्यात व्हय कुणी? नातं तुटतं.”

“न दिली तर आजच तुटतंय,” गेनबा म्हणाला, आणि ते मात्र खरं होतं.

पुढच्या बाजाराला त्यानं यातून वाट काढली. हातातलं चांदीचं कडं हुंदराजकडं ठेवलं आणि चाकू बोलीवर मागितला. हुंदराजनं आयुष्यात चाकू उधार दिला असेल, नवसाला दिला असेल, पण बोलीवर कधी दिला नव्हता. शेवटी गिऱ्हाईक टळावं म्हणून त्यानं दिला. शनिवारी लोखंड विकत घेतलेलं नाही, नुसतं वागवायला आणलंय, असं गेनबानं गवराबाईला पटवलं. शनिदेवाला एवढा बारीक कायदा कळतो की नाही, हे कुणी विचारलं नाही.

मग त्या बिचाऱ्या चाकूचे हाल विचारू नका. त्यानं चऱ्हाट कापलं, वैरणीचे बंध कापले, बाभळीची फांदी सोलली. रात्री त्याला ओल्या मातीवर ठेवलं, गंज धरतो का बघायला. ओट्यावर बघ्यांची दाटी व्हायची आणि गेनबा एकेक पातं उघडून त्याचे गुण सांगायचा. दादूनं तर, “ह्याची जोडी कुटं मिळंल?” असंही विचारलं. एक दिवस धाकटं पातं फटकन मिटलं आणि गेनबाच्या अंगठ्यातून भळाभळा रक्त आलं.

“मारका हाय!” गेनबा ओरडला. दुखलं होतं फार, पण पारख खरी ठरल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

सगुणानं अंगठ्याला हळद दाबली. चिंधी बांधता बांधता ती म्हणाली, “आबा, येवढं बघत्यात व्हय?”

“बघावं लागतं पोरी. एकदा घरात आलं की जलमभर निभवायचं असतं.”

सगुणानं त्याच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं होतं, पण गवराबाईनं आतून हाक मारली आणि ती उठून गेली.

मारका चाकू परत गेला. हुंदराजकडं त्याच जातीचा दुसरा होता, काळ्या मुठीचा, अंगावर एकही डाग नसलेला. गेनबानं तो पुन्हा बोलीवर आणला, पुन्हा राबवला, आणि दिवाळी तोंडावर आल्यावर पाटीवरचे पैसे मोजून, ‘सौदा सोमवारचा धर’ असं हुंदराजला सांगून कडं सोडवलं. हुंदराजनं हात जोडले आणि पाल दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं.

पाडव्याला ज्योतीराम आला. सुटीचा दिवस, पण खिशाला बिल्ला होताच. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी, करंज्या, वर तुपाची धार. तो पाटावर बसला, हाताची घडी घातली आणि छताकडं बघू लागला. गवराबाईनं लगबगीनं चाकू आणून त्याच्यापुढं जमिनीवर ठेवला.

“हातात देत न्हाई हां, बापू. धार हातातनं हातात दिली की नातं तुटतं.”

ज्योतीराम हसला. “मामी, कारखान्यात दिसभर पोलाद ह्या हातातनं त्या हातात जातंय. असलं काय नसतं.” त्यानं चाकू उचलला आणि त्याचं तोंड उतरलं. “काळी मूठ? मी पिवळी सांगितली हुती.”

गेनबा तर याच प्रश्नाची वाट बघत होता. तो सरसावून बसला. पिवळ्याला भोवरा कसा होता, तो मारका कसा निघाला, अंगठ्याला काय झालं, हा काळा किती गुणी, याची पाती ओल्या मातीत राहूनही कशी उजळ राहिली, सगळं त्यानं सांगितलं. ते संपायच्या आत ज्योतीरामनं चाकू खाली टाकला, ताट सरकवलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

“मला न्हाई जेवायचं. आन् न्यायचं बी न्हाई कुणाला.”

“अवं बापू!” गवराबाई रडकुंडीला आली. “सगुणे, बघत काय बसलीस? हात जोड की!”

सगुणा तुपाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं.

“आबा,” ती म्हणाली, “चाकूला सारा आश्विन लावला तुमी. दात बघितलं, भोवरा बघितला, राबवून बघितला, एक तर खोड निघाली म्हणून परत केला. आन् ह्यांना बघायला आलेल्या दिशी कपातला चहा सुदीक गार होऊ दिला न्हाई.”

तिनं ज्योतीरामच्या पाठीकडं बोट केलं.

“हितं तुमास्नी वाटतंय दिवाळीचा रुसवा हाय. तितं रोजचाच हाय. आमटीत मीठ कमी झालं, भिंतीकडं त्वांड. साहेब बोलला, भिंतीकडं त्वांड. दिस दिस बोलत न्हाईत. मला ह्यांच्या तोंडापरीस पाठ जास्त वळखीची झालीया.”

गेनबाची मान खाली गेली. त्याला लाज वाटली. प्यांट बघितली आणि बिल्ला बघितला. जबडा उघडायला काय झालं होतं? त्यानं मान वळवून ज्योतीरामच्या पाठीकडं पाहिलं. बाजारात बघावं तसं, पहिल्यांदाच.

“बशा,” तो पुटपुटला. मग मोठ्यानं म्हणाला, “गवरे, बाजूला हो. कुणी चुचकारायचं न्हाई. जेवा समदी.”

आणि सगळे जेवू लागले. ज्योतीराम वाट बघत राहिला. विनवायला कुणी नसलं की रुसणाऱ्याचे हाल कुत्रं खात नाही. शेवटी तो उठला, उंबऱ्याबाहेर जाऊन बूट घालू लागला. नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. आतून हाक काही आली नाही.

सगुणा दारात आली. हातात मिटलेला चाकू होता.

“ह्यो राहिला तुमचा. घ्या.”

“अगं, खाली ठेव!” गवराबाई आतून किंचाळली.

“कशाला? ह्यांचा कुठं इस्वास हाय असल्यावर? घ्या की, हातातनं हातात.”

ज्योतीरामनं हात पुढं केला. चाकू वितीवर राहिला आणि हात थांबला. कारखान्यातला प्यांटवाला गडी, कपाळाला घाम फुटला त्याच्या.

“खाली ठेव,” तो म्हणाला.

“का म्हणून?”

“ठेव म्हंतो ना खाली.” आवाज एकदम बारीक झाला. “नातं तुटतं म्हणत्यात.”

सगुणानं त्याच्या तोंडाकडं नीट पाहून घेतलं. पाहायला मिळत होतं कधी नव्हे ते.

“मग बूट काढा आन् जेवा,” ती म्हणाली. तिनं चाकू कुणालाच दिला नाही, कनवटीला खोवला.

ज्योतीराम पाटावर येऊन बसला. पोळी गार झाली होती, त्यानं मुकाट्यानं तोडली. गेनबानं घसा साफ केला.

“जावयबापू, सगुणा हितं राहील जरा. तुमी बाजारच्या दिशी येत जावा. जेवून जावा, बोलून जावा.”

“म्हंजे मला बोलीवर घेतलं व्हय, मामा?”

“मी न्हाई. मी येकदा बघितलं ते बास झालं.” गेनबानं लेकीकडं पाहिलं. “ह्या खेपंला ती बघंल. खोड न्हाई दिसली तर यील तुमच्यासंगं. तिच्या मनानं.”

“आन् चाकू?”

“त्यो बी तवाच,” सगुणा म्हणाली.

ज्योतीरामनं रुसायला तोंड वळवलं. समोर भिंत आली. तिच्याकडं क्षणभर बघून त्यानं मान पुन्हा ताटाकडं वळवली आणि म्हणाला, “आमटी वाढ जरा.”

आमटीत मीठ कमी होतं. तो जेवला.