आधीच झाडलेलं अंगण

बर्फ वितळून पंधरा दिवस झाले होते आणि ओहायोतल्या त्या गावात अंगणं साफ करणाऱ्या देल्फीनाच्या टोळीला दम खायला फुरसत नव्हती. दिवसाला पाच-सहा घरं. हिवाळ्यात कुजलेली पानं दाताळ्यानं ओढायची, मेलेलं गवत खरवडायचं, वाफ्यांच्या कडा कापायच्या आणि पुढचं घर गाठायचं.

मंगळवारी मिसेस प्रुइटच्या घरापुढे ट्रक थांबला आणि उतरता उतरताच देल्फीना थबकली. कुंपणालगतची पट्टी लख्ख होती. पान नाही, काटकी नाही, वाफ्याची कड दोरी धरल्यासारखी सरळ.

"रुतिलिओ, हे कधी केलं आपण?"

"यंदा आजच तर पहिल्यांदा येतोय इथं," तिच्या टोळीतला रुतिलिओ ताडपत्री ओढत म्हणाला. "त्या लाल ट्रकवाल्यांचं काम दिसतंय. परवा याच गल्लीत घिरट्या घालत होते."

लाल ट्रकवाल्यांनी गेल्या साली देल्फीनाच्या हातची दोन घरं अशीच पळवली होती. आधी एक कोपरा फुकटात झाडून द्यायचा, मग हळूच सगळं अंगण. पण हे घर नऊ वर्षं तिच्याकडे होतं.

तिनं दार वाजवलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मिसेस प्रुइटनी ते अर्धवटच उघडलं.

"कुंपणाकडे कुणी काम केलं, मिसेस प्रुइट?"

"वाऱ्यानं गेली असतील पानं."

"वारा कडा कापत नाही."

म्हातारीनं बाही तळव्यापर्यंत ओढली. तेवढ्यात मनगटावरचा काळानिळा डाग देल्फीनाला दिसलाच. दार लागलं. आत काहीतरी लपवलं जातंय, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं.

गुरुवारी सकाळी सातला ती एकटीच आली, ट्रक गल्लीच्या तोंडाशी ठेवून. लाल ट्रकवाल्यांना रंगेहाथ धरायचं होतं. वाफ्यापाशी मात्र मिसेस प्रुइट उशीवर गुडघे टेकून कपड्यांच्या टोपलीत ओली पानं भरत होत्या. कुंपण धरून उठायला गेल्या, पाय सटकला आणि त्या चिखलात बसल्या.

देल्फीनानं धावत जाऊन त्यांना काखेत धरून उभं केलं.

"कुणाला सांगू नकोस," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "शनिवारी माझा लेक येतोय, लाइल. आई, अंगण तुला झेपत नाही, घर विकू, असं म्हणतो तो. त्याला दाखवायचंय मला."

"मग मंगळवारीच सांगायचं ना."

"मी पडते का असं त्यानं विचारलं तर तू खरं सांगशील, म्हणून नाही सांगितलं."

"मी समजत होते तुम्ही दुसरी टोळी लावलीत."

"कळलं ते. पोलिसासारखी बघत होतीस."

शनिवारी टोळी शेजारच्या घरी असताना लाइल कुंपणापाशी आला.

"हे आईनं केलं म्हणते ती. खरंय?"

"कुंपणाकडचं त्यांनी. बाकीचं आम्ही."

"पडली नाही ना?"

खिडकीत म्हातारी उभी होती.

"पडल्या. गुरुवारी. मीच उठवलं," देल्फीना म्हणाली. "पण ही कड बघा. माझ्या माणसांना अशी जमत नाही. मी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी इथूनच जाते. थांबत जाईन त्यांच्याजवळ."

लाइलनं तिला नीट न्याहाळलं. "घर विकलं तर तुमचं काम जाईल. म्हणून बोलताय."

"तेही आहेच," देल्फीना म्हणाली. "पण त्यामुळे कड वाकडी होत नाही."

तो वाफ्याशी उकिडवा बसला आणि कडेवरून बराच वेळ हात फिरवत राहिला.

त्या उन्हाळ्यात घर विकायला निघालं नाही. लाइलनं पायऱ्यांना कठडा तेवढा बसवून घेतला. पडल्याचं सांगितलं म्हणून मिसेस प्रुइट तीन आठवडे देल्फीनाशी बोलल्या नाहीत. तरी देल्फीना ठरल्या दिवशी थांबायची, आणि वाफ्याच्या दोन टोकांना दोघी एकमेकींकडे पाठ करून तण उपटत बसायच्या.