ल्यू

खट्. सत्तूर हाडातून गेला.

"अर्धा हंस दे. मांडीच्या बाजूचा," हॉन दुकानदाराला म्हणाला. "बिंगकडे जातोय. त्याच्यासाठी ल्यू कापून नेतो."

शामशुईपोच्या गल्ल्यांत ल्यू म्हणजे भट्टीच्या दुकानात टांगलेलं भाजकं मांस. आतली बातमी, तीही ल्यूच. दोन्ही गरम आहेत तोवरच खपतात.

तीन वर्षांपूर्वी बापाच्या शवपेटीसमोर हॉननं धाकट्या भावाच्या, बिंगच्या थोबाडीत लगावली होती. तेव्हापासून अबोला. आज थंडीतला सर्वांत लहान दिवस, घरच्यांनी एका टेबलाशी जेवायचा. आज नाही जमलं तर कधीच नाही, हे हॉनला कळत होतं.

रांगेत मागे सौ मावशी होती.

मावशी भाजीवालीला: "हॉन बिंगसाठी ल्यू कापून नेतोय. माणूस सुधारतो गं."

भाजीवाली (डोकं कोबीच्या टोपलीत, ऐकलं निम्मंच) न्हाव्याला: "ल्यू आहे. हॉन बिंगला कापणार."

"कधी?"

"आत्ताच निघालाय. सत्तूर सौनं डोळ्यांनी पाहिलाय."

न्हाव्यानं बिंगला फोन लावला. काळजीपोटीच, बरं का.

हॉन पाच मजले चढला. पिशवीतून चरबी ठिबकत होती. त्यानं दार वाजवायला हात उचलला आणि दार उघडलं.

बिंग बांबूच्या परांच्या बांधायचा. घरात बांबू होताच.

पहिला मनगटावर. काडकन्.

दुसरा खांद्यावर.

"कापायला आलास ना, दादा? काप."

तिसरा तोंडावर. हॉन जिन्यात कोसळला, जिभेवर स्वतःचाच दात. दारं उघडली. तमाशा बघण्याला इथे शेंगदाणे खाणं म्हणतात. चौथ्या मजल्यावरचा म्हातारा खरोखरच सोलत उभा होता.

"ल्यू..." हॉन रक्त गिळत म्हणाला.

"माहितेय. गल्लीभर झालंय."

चौथा गुडघ्यावर. पाचव्यासाठी बांबू वर गेला आणि बिंगचा पाय घसरला. खाली पाहिलं तर चरबी. फाटलेली पिशवी, आलूबुखारच्या चटणीची पुडी, आणि पायरीवर हंसाची तंगडी. लहानपणी ती नेहमी दादा घ्यायचा.

बांबू वरच राहिला. हॉनचं मनगट भलत्याच दिशेला लोंबत होतं.

खालून सौ मावशीचा आवाज आला. "काय झालं रे वर? ल्यू काय?"

"हंस," बिंग म्हणाला. "मांडीची बाजू."