जुन्या पिकअपचा हट्ट

बापलेकीत मिळून एकच इलेक्ट्रिक गिटार होती आणि तिच्यावर एकच पिकअप.

बाप कवळ्या बनवायचा. दंतवैद्यांकडून आलेले साचे, मेण आणि घासकाम यांत त्याचा दिवस जायचा. संध्याकाळी हात स्वच्छ धुऊन तो गिटार मांडीवर घ्यायचा आणि अँपचा, म्हणजे ध्वनिवर्धकाचा, सूर फाडणारा गेन जवळजवळ शून्यावर ठेवून सुटे, सावकाश सूर छेडत बसायचा. गिटार लग्नाआधीची होती. तारांखाली बसवलेली ती पिकअपची डबी म्हणजे चुंबकांभोवती केसाहून बारीक तारेची हजारो वेटोळी. तारांची थरथर तीच पकडते आणि अँपकडे धाडते. असं पिकअप आता कुणी बनवत नाही, हे त्याचं ठाम मत होतं आणि घरात ते सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं.

लेक वीस वर्षांची. तिच्या तिघींच्या बँडला हाय-गेन लागायचा. सूर फाटला पाहिजे, गुरगुरला पाहिजे, आणि हात तारांवर ठेवला की क्षणात गप्प झाला पाहिजे. जुनं पिकअप तिथे नेमकं दगा द्यायचं. गेन वाढवला की पोळं उठल्यासारखं घोंघावायचं आणि वाजवणं जरा थांबलं की किंचाळायचं. बारा दिवसांनी एका क्लबच्या सभागृहात त्यांना वाजवायचं होतं. पिकअप बदलू या, असं तिने सांगितलं तेव्हा बाप नाही म्हणाला नाही. फक्त गेनशिवायचा स्वच्छ, क्लीन आवाज बिघडता कामा नये, एवढीच अट त्याने घातली.

गिटार दुरुस्त करणाऱ्याने त्याच मापाची तीन पिकअप आठवडाभर वापरून बघायला दिली. पहिलं दांडगं होतं. हाय-गेनवर त्याचा आवाज भिंतीसारखा उभा राहायचा, पण गेन उतरवला की कवळी नीट न बसलेल्या माणसाने बोलावं तसे सगळे सूर तोंडातल्या तोंडात. दुसरं क्लीनवर छान, मोकळं, पण गेन वाढवला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. तिसरं मध्यम. दोन्हीकडे बरं होतं, आणि बापाला तेच खटकलं. ना धड इकडचं, ना धड तिकडचं, असं म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं.

खरा वैताग तुलनेचाच होता. एक पिकअप काढून दुसरं बसवायचं म्हणजे तारा सैल करा, स्क्रू काढा, दोन वायरी डागा, पुन्हा तारा चढवा, सूर लावा. पाऊण तास जायचा. तोवर आधीचा आवाज कानातून पार पुसलेला. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पाहिलं, तर मोबाइलने चारही पिकअप एका माळेचे मणी करून टाकले. मग बापाने वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली. ‘वरच्या सुरांना धार, मध्ये किंचित पोकळ’ असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी ते वाचून त्यालाच कळेना की पोकळ म्हणजे चांगलं की वाईट. शिवाय लेक एकच तुकडा दोनदा सारखा वाजवायची नाही. आवडत्या पिकअपवर तिचा हात आपोआप जोरकस पडायचा. बापही काही कमी नव्हता, जुन्यावर तो जास्त हळुवार वाजवायचा.

आई रुग्णालयात परिचारिका होती. त्या आठवड्यात तिला रात्रपाळी होती आणि पाळीआधी संध्याकाळी झोपायची वेळ नेमकी यांच्या प्रयोगाची. पाचव्या दिवशी ती उशी काखेत घेऊन दारात आली. तिला तरी चारही सारखीच वाटतात, झोपमोड करणारी, एवढं सांगून ती शेजारणीकडे झोपायला गेली.

सहाव्या दिवशी बापाने तिसरं पिकअप काढून पुन्हा जुनं बसवायला घेतलं, एकदा खात्री करून घ्यायला म्हणून. लेकीने वायरी डागायच्या डागणीची पिन भिंतीतून उपटली.

“बाबा, तुम्ही तुलना करतच नाही आहात. दर वेळी शेवटी जुनंच बसतं. नाही बदलायचं तर सरळ सांगा ना.”

“तुला क्लीन कळत नाही,” बाप म्हणाला. “गेनखाली सगळं झाकलं जातं, म्हणून तुला काहीही चालतं.”

तिने हातातलं तारा छेडायचं पिक टेबलावर ठेवलं आणि मैत्रिणीच्या भावाची गिटार मागायला निघून गेली. पुढचे तीन दिवस तिने गिटारीचा विषय काढला नाही. जेवताना मीठ मागायची, तेही आईकडे.

बाप मनातून चरफडत होता. आपण बोलायला नको होतं हे त्याला कळत होतं आणि माघार घ्यायची म्हटलं की जीभ उचलत नव्हती. मग त्याच्या डोक्यात आलं की जुन्याचंच किंचाळणं बंद केलं तर वादच मिटेल. पिकअप गरम मेणात बुडवलं की मेण वेटोळ्यांत शिरतं, सैल तार जागच्या जागी धरली जाते आणि किंचाळणं थांबतं, हे त्याने ऐकलं होतं. मेण तर त्याचं रोजचंच. दुपारच्या सुट्टीत त्याने कामाच्या भांड्यात मेण वितळवलं आणि पिकअप दोऱ्याला बांधून आत सोडलं. पण कवळीचं मेण वितळायला जास्त ताप लागतो. पिकअपचा प्लॅस्टिकचा सांगाडा म्हातारा झालेला. वर काढलं तेव्हा त्याची एक कड वाकली होती. ती सरळ करायला म्हणून त्याने अंगठ्याने हलकेच दाबली आणि बाहेरच्या वेटोळ्याची तार तुटली. तिथेच अडकून आतलीही तुटली. प्रवाह तपासायचा मीटर लावून पाहिलं, काटा हलला नाही.

दिवसभर दुसऱ्यांचे दात सूतभरही इकडेतिकडे होऊ न देणारा तो माणूस त्या वाकड्या डबीकडे बघत बसला. राग काढायला समोर कुणीही नव्हतं.

संध्याकाळी त्याने लेकीला जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. बरं झालं, असं ती म्हणेल असं त्याला वाटलं होतं. तिने डबी उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा गुंडाळता येईल का, असं विचारलं. दुरुस्तीवाल्याचं म्हणणं त्याने फोन करून आधीच घेतलं होतं. गुंडाळता येईल, पण तोच आवाज येईल याची हमी नाही. मग तिने उसन्या गिटारीचा विचार सोडला आणि दोघांनी मिळून तिसरं पिकअप बसवलं.

कार्यक्रमाला आई पुढे बसली आणि बाप सभागृहात सगळ्यात मागे उभा राहिला. हाय-गेनवर गिटार कुठे किंचाळली नाही, हात ठेवला की चटकन गप्प होत होती. तिसऱ्या गाण्यात मात्र मध्येच दोन्ही मैत्रिणी थांबल्या आणि लेकीने एकटीने क्लीन वाजवलं. तिथे खर्जाच्या जाड तारा एकमेकींत मिसळून गेल्या. शेजारचा माणूस मान डोलावत होता. बापाने दात आवळले.

बाहेर अँप गाडीत चढवताना, आज काही बोलायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. लेकच म्हणाली, “क्लीन तुकड्यात जाड तारांचा गोळा झाला. तुम्हाला ऐकू आलं?”

“आलं.”

“जुन्यावर नसता झाला.”

त्याला बरं वाटायला हवं होतं. पण हिला सगळं ऐकू येत होतं, आणि आपण हिला काय बोलून बसलो, या विचाराने तो आणखीच ओशाळला.

“त्या दिवशी मी बोललो ते चूक होतं,” तो म्हणाला.

“हो, होतंच,” ती म्हणाली आणि गाडीत बसली.

वाटेत पिकअपची जाड तारांकडची बाजू किती खाली घ्यावी यावरून दोघांचं जुंपलं. स्क्रूची एक फेरी, असं तिचं म्हणणं. अर्धी पुरे, असं त्याचं. आईने मागच्या सीटवर डोळे मिटून घेतले.

सकाळी कामावर जाण्याआधी त्याने स्क्रू अर्धी फेरी फिरवला. लेकीने उभ्यानेच चार सूर वाजवले, थांबून ऐकले आणि मान हलवली.

“अजून नाही,” ती म्हणाली.

त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि चप्पल काढून पुन्हा खाली बसला.